एका ग्रॅमची साक्ष

कोळशाची एक रेक म्हणजे साधारण 4000 टन माल. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणींतून निघालेली रेक चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात रिकामी होते, तेव्हा विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: यात उष्णता किती? उत्तर देतो त्यातला एक ग्रॅम. 400 कोटींतला एक.

पूर्वी आपल्याकडे वीज केंद्रांच्या कोळशाची प्रत हिशेबाने काढत. राख आणि ओलावा यांच्या टक्क्यांची बेरीज करायची, तिला 138 ने गुणायचं आणि ते 8900 मधून वजा करायचं. 2012 पासून कोळसा प्रत्यक्ष जाळून येणारं एकूण उष्मांक मूल्य, म्हणजेच जीसीव्ही, धरलं जातं. जी-1 ते जी-17 अशा प्रती आहेत आणि दर पायरीला किलोमागे 300 किलोकॅलरींचा फरक. 4310 भरला तर जी-10, 4290 भरला तर जी-11. प्रत बदलली की दर बदलला. आता आंतरराष्ट्रीय मानक काय म्हणतं पाहा. एकाच प्रयोगशाळेत, एकाच नमुन्याच्या दोन चाचण्यांत ग्रॅममागे 120 ज्यूलपर्यंत, म्हणजे किलोमागे सुमारे 29 किलोकॅलरींचा फरक ते चालवून घेतं. म्हणजे 4310 आणि 4290 हे दोन्ही आकडे एकाच पुडीतून प्रामाणिकपणे निघू शकतात! म्हणूनच जाळण्याआधीच्या कामाला मी यंत्रापेक्षा जास्त मान देतो.

नमुन्याचा ढीग लावायचा, त्याचे चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दळायचे, पुन्हा ढीग. शेवटी पूड 212 मायक्रॉनच्या चाळणीतून पार झाली पाहिजे. जाड कण मुशीतून अर्धवट जळून उडतात. ही पूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. म्हणून ज्या वेळी चाचणीसाठी तोलली, त्याच सुमारास ओलाव्यासाठीही तोलायला हवी. मे महिन्यात सकाळी काढलेला ओलावा दुपारच्या जीसीव्हीला लावला, तर एका टक्क्याच्या चुकीने 40 पेक्षा जास्त किलोकॅलरी इकडच्या तिकडे होतात.

मग पूड जाळायचा बाँब. जाड पोलादी भांडं, आत मूस, मुशीवर फ्यूज वायर, तळाशी एक मिलिलिटर पाणी. ऑक्सिजन सुमारे 30 वातावरणांच्या दाबापर्यंत भरायचा, पण हळूहळू. झटक्यात भरला की पूड मुशीबाहेर. बाँब सुमारे दोन लिटर पाण्यात बसतो. एका ग्रॅमने ते पाणी तापतं जेमतेम दोन अंशांच्या आसपास. अशा उपकरणात अंशाच्या शंभराव्या भागाची चूक म्हणजे सुमारे 100 ज्यूल. पॅरिसमध्ये मार्सेलिन बेर्तलोने 1880 च्या दशकात दाबाखालच्या ऑक्सिजनात जाळण्याची ही रीत रुजवली, आणि तिचा गाभा आजही तोच आहे.

उपकरणाचा स्वतःचा हिशेब लागतो बेंझोइक आम्लावर. 1922 मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारलं गेलं: शुद्ध मिळतं, हवेतला ओलावा फारसा घेत नाही, नीट जळतं. प्रमाणपत्रावरचा आकडा ग्रॅमला 26,434 ज्यूल. पण त्याचीही गोळी करावी लागते. सैल पूड उडते, फार दाबलेली गोळी तापताना तडकून तुकडे फेकते. किती दाबायचं हे हाताला कळावं लागतं.

आपल्या कोळशात राख भरपूर, 35-40 टक्केही. राखेत कोंडलेला कोळसा कधी कधी विझतो. तेव्हा पुडीत तोललेलं बेंझोइक आम्ल मिसळतात आणि त्याची उष्णता वजा करतात. वायरचीही वजा होते. आत राहिलेल्या हवेतल्या नायट्रोजनचं नायट्रिक आम्ल होतं, गंधकाचं सल्फ्युरिक. बाँब धुऊन ते पाणी टायट्रेट करायचं आणि त्यांच्या उष्णताही वजा करायच्या. 1933 मध्ये अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या एडवर्ड वॉशबर्न यांनी या दुरुस्त्या आणखी खोलवर नेल्या: बाँबमधलं दाबाखालचं ज्वलन प्रमाण अवस्थेत आणायचं कसं, ते मांडलं. कोळशाच्या बिलासाठी तितकं खोल जावं लागत नाही. रसायनांच्या उष्णतेचे तक्ते मात्र त्यावरच उभे आहेत.

शेवटी दाब सावकाश सोडून झाकण उघडायचं. पडद्यावर आकडा कधीच आलेला असतो. तरी आधी मूस उजेडात धरायची. तळाला काजळीचा काळा डाग किंवा कडेला न जळलेला कण दिसला, तर तो आकडा वहीत धरायचा नाही. पुडीची डबी उघडायची आणि पुन्हा एक ग्रॅम तोलायचा.