कीबोर्ड मुका झाला? थांबा, लगेच नवा आणू नका!

मुंबईकरांचा जसा लॅमिंग्टन रोड, तसा कोलकात्याचा चांदनी चौक. संगणकाचा बारीकसारीक भाग बिघडला की घरची मंडळी आधी तिकडेच धावतात. पण संगणक सुरू होताना कीबोर्ड आणि माउस रुसून बसले, तर दोष दरवेळी त्यांचाच असतो असं नाही, बरं का!

ऑक्टोबर २०२५ मध्ये हे जगभर दिसलं. १४ तारखेला विंडोज ११ साठी आलेली सुधारणा बसवली, की यूएसबीचे कीबोर्ड-माउस एरवी नीट चालत. पण विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावर मात्र ठप्प! म्हणजे संगणक आजारी पडावा, औषधाची बाटली समोर असावी, आणि झाकणच उघडू नये. आत मुलांचे फोटो, घरचे हिशेब अडकलेले. मायक्रोसॉफ्टने तातडीचा उपाय दिला तो २० ऑक्टोबरला. कोलकात्यात त्या दिवशी कालीपूजा होती. तोवर कंपनीनेच सुचवलेला एक मार्ग होता जुन्या गोल पिनेच्या, पीएस-टू कीबोर्डचा. १९८७ साली आलेली ही पिन अशी कामाला आली!

म्हणून आधी पाहायचं, कीबोर्ड नेमका कधी मरतो. संगणक सुरू करताच, कंपनीचं नाव दिसत असताना, डिलीट किंवा एफ-टू दाबत राहा. कुठलं बटण, ते बहुधा पडद्यावरच लिहिलेलं असतं. निळ्या-करड्या सेटिंगचा पडदा उघडला, तर कीबोर्ड ठणठणीत आहे, घोळ विंडोजमध्ये. काहीच घडलं नाही, तर वायर किंवा खाच तपासा. हबमधून काढून मागच्या खाचेत थेट लावा. तरीही नाही? संगणक बंद करून प्लग काढा, चालू करायचं बटण पंधराएक सेकंद दाबून धरा, मग पुन्हा सुरू करा. विंडोजपर्यंत पोहोचता येत असेल, तर ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून बघा. घाईत सुरू होण्याच्या नादात कधी कधी यूएसबीची ओळख नीट होत नाही.

ब्लूटूथचे कीबोर्ड बहुतेक संगणकांवर विंडोज सुरू झाल्यावरच जागे होतात. घरात एक साधा वायरवाला कीबोर्ड असावाच. एखादं बटण अडकून बसलं तरी संगणक सुरुवातीलाच तक्रार करतो. जुन्या संगणकांची तर गंमतच: कीबोर्ड सापडत नाही म्हणायचं आणि पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा सांगायचं!

पावसाळी शहरात एक पथ्य मात्र कडक. २३ सप्टेंबर २०२५ च्या पावसात कोलकाता तुंबलं, तेव्हा विजेच्या धक्क्याने माणसं दगावली. खोलीत पाणी शिरलं असेल, तर संगणकाला हात लावू नका. आधी मेन स्विच, तोही कोरड्या जागी उभं राहून.

गोल पिन मात्र संगणक बंद करूनच लावा. चालू असताना लावली तर मदरबोर्डला इजा होऊ शकते. जांभळी खाच कीबोर्डची, हिरवी माउसची. अर्धी-अर्धी रंगवलेली एकच खाच असेल, तर तिथे दोन्हींपैकी कुठलंही एक चालतं.