खाचराच्या बांधावर प्रौढ शिक्षण

शेतकऱ्यास सुधारलेल्या शेतीचे ज्ञान देणे आणि निरक्षर प्रौढास लिहावाचावयास शिकविणे ही बहुधा दोन निरनिराळी कामे मानली जातात. पहिले कृषी खात्याचे, दुसरे शिक्षण खात्याचे. शेतकऱ्याच्या संसारात मात्र अशी वाटणी नसते. बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी, खताच्या पोत्यावरील आकडे, सोसायटीची पावती आणि सातबाराचा उतारा हे सर्व एकाच घरात येते. ते ज्यास वाचता येत नाही, त्याच्या शेतीचे निर्णय दुसराच कोणी घेतो.

ठाणे जिल्ह्यास याचा अनुभव फार जुना आहे. उंबरगाव आणि डहाणू भागातील वारली शेतकऱ्यांनी १९४५ साली वेठबिगार व लग्नगडी या पद्धतींविरुद्ध लढा दिला. लग्नासाठी घेतलेले थोडे कर्ज फेडण्याकरिता नवराबायको वर्षानुवर्षे सावकाराकडे राबत असत, आणि त्या कर्जाचा हिशेब सावकाराच्याच वहीत असे. ती पद्धत गेली. परंतु न वाचलेल्या कागदावर अंगठा उठविण्याचा धोका अद्याप गेलेला नाही. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या गावांत जमिनीस शहराचा भाव आला आहे. तेथे एका अंगठ्याची किंमत पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहे.

प्रौढ माणूस कसा शिकतो

प्रौढ शेतकरी कोऱ्या पाटीसारखा नसतो. त्याच्याजवळ अनुभव असतो, आणि नवी गोष्ट तो त्या अनुभवाशी ताडून पाहतो. भाताचा राब भाजण्याची चाल हे याचे उत्तम उदाहरण होय. टहाळ, गवत, पालापाचोळा व शेण पसरून रोपवाटिकेची जागा भाजल्याने तणाचे बी मरते आणि रोपास राख मिळते. हा लाभ शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या पाहिलेला आहे. या चालीस अडाणीपणा म्हणणाऱ्या कार्यकर्त्याचे पुढील बोलणे कोणी ऐकत नाही. उलट, “राखेचा गुण तुम्ही जाणताच, मग जंगलाचा टहाळ न तोडता गिरणीवरील तुसाची काळी राख गादीवाफ्यात मिसळून पाहावी,” असे सांगितल्यास संवाद सुरू होतो.

डोळ्यांनी पाहिलेले लवकर पटते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बियाणे टाकावे. पोचट दाणे वर तरंगतात व भरलेले तळाशी बसतात. तरंगणारे दाणे काढून टाकावे आणि तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोनतीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. घरातील उत्तम म्हणून राखलेल्या बियाण्यातून ओंजळभर पोचट दाणे निघालेले पाहिल्यावर वेगळ्या भाषणाची गरज राहत नाही.

चर्चेचेही महत्त्व तितकेच आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोन वेळा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर आपापसांत बोलत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. जेथे रेडिओ होता पण श्रोतृमंडळ नव्हते, अशा गावांशी त्यांची तुलना करण्यात आली. श्रोतृमंडळे असलेल्या गावांतील माहितीची वाढ कितीतरी अधिक आढळली. पुढे १९८९ साली इंडोनेशियात भातशेतीसाठी सुरू झालेल्या आणि नंतर अनेक देशांत पसरलेल्या शेतीशाळांनीही हाच धडा दिला. शेतकरी ऐकून शिकतो त्यापेक्षा पाहून, बोलून व स्वतः करून अधिक शिकतो.

दोरीवरील हिशेब

अक्षरओळख व शेतीशिक्षण यांची सांगड कशी घालावी, हे डॉ. एन. के. सावंत यांनी प्रचारात आणलेल्या चारसूत्री भात लागवडीवरून समजेल. पिकाच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या ही ती चार सूत्रे होत. लावणी खुणेच्या दोरीवर, आळीपाळीने १५ व २५ सेंटिमीटर अंतर ठेवून करावयाची. त्यामुळे चार चुडांचे लहान चौकोन तयार होतात. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक गोळी, लावणीच्याच दिवशी, ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात दाबावयाची. चिखलात गाडलेले खत कोकणच्या मुसळधार पावसात फेकलेल्या खताप्रमाणे वाहून जात नाही.

आता यातील गणित पाहावे. एका गुंठ्यात असे सुमारे सव्वासहाशे चौकोन बसतात. म्हणजे गुंठ्यास सुमारे १.७ किलो, तर चाळीस गुंठ्यांच्या एकरास सुमारे ६८ किलो गोळ्या लागतात. प्रौढ वर्गात १५, २५, १.७ आणि ६८ हेच आकडे फळ्यावर लिहावे. दोरीवरील खूण हाच पहिला अंक आणि पोत्यावरील ‘युरिया’ हाच पहिला शब्द व्हावा. १९६७-६८ मध्ये अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांच्या क्षेत्रांत शेतकऱ्यांसाठी व्यावहारिक साक्षरतेचा कार्यक्रम आखला गेला, तेव्हा शेती, शिक्षण व नभोवाणी ही तिन्ही खाती याच विचाराने एकत्र आली होती.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. लावणी बहुतांशी स्त्रिया करतात आणि सभेस मात्र पुरुष बसतात. चारसूत्रीची माहिती चावडीवर कितीही उत्तम दिली, तरी चिखलात वाकून चुडाचे अंतर ठरविणाऱ्या हातांपर्यंत ती पोहोचली नाही, तर दोरी घरीच खुंटीला राहते. लावणीचे प्रात्यक्षिक लावणी करणाऱ्या बायांसमोर व त्यांच्याच हातून झाले पाहिजे.

वर्ग केव्हा व कोठे

मुरबाड-शहापूरच्या वाड्यांत दिवाळीनंतर वर्ग उघडला, तर अनेक घरांना कुलपे दिसतात. भात झोडून झाल्यावर कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडी परततात. म्हणून लावणी आटोपल्यापासून कापणी सुरू होईपर्यंतचा, म्हणजे श्रावण-भाद्रपदाचा काळ वर्गास सोयीचा. पुढील महिन्यांत वर्गच भट्टीवर न्यावा लागेल. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर हीच दृष्टी ठेवली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. जो न्याय मुलांस, तोच त्यांच्या आईबापांस लागू आहे.

केंद्र शासनाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी, पंधरा वर्षांवरील निरक्षरांकरिता आखलेला आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने गावातील स्वयंसेवकाशी संबंध ठेवून शेतीचे विषय त्याच्या हाती द्यावेत. मे महिन्यात बियाण्याची चिठ्ठी, जुलैत दोरी व गोळ्या, कापणीनंतर बाजार समितीतील वजन आणि भाव, आणि केव्हाही सातबारा, असा क्रम ठेवता येईल.

वर्गाचे यश हजेरीपटावरून मोजू नये. शिकून गेलेल्या बाईने दुकानात पोते उलटे करून त्यावरील आकडे स्वतः वाचले काय, वजनकाट्याची पावती पडताळली काय, आणि कागद वाचल्याखेरीज सही करणार नाही असे म्हटले काय, हे पाहावे. ज्या गावात असे घडू लागेल, तेथे नव्या पद्धतीचा प्रचार करण्यास कार्यकर्त्यास फार कष्ट पडणार नाहीत. शेतकरी स्वतःच पुढचा प्रश्न घेऊन त्याच्याकडे येतील.