उलट्या क्रमाने सांगा!

खोटे बोलणारा नजर चुकवतो, हात चोळतो, मध्येच पाणी मागतो, असे आपण धरून चाललेले असतो. परंतु पोलीसचौकीत बसवल्यावर निरपराध माणूसही पाणी मागतोच! 2006 साली चार्ल्स बाँड व बेला डीपॉलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अनेक प्रयोगांतील मिळून 24 हजारांवर परीक्षकांचे निकाल एकत्र तपासले. खरे-खोटे बरोबर ओळखले गेले ते शंभरात अवघे 54 वेळा. नाणे उडवले असते तरी 50 पदरात पडले असते.

म्हणून इंग्लंडातील पोर्ट्समथ विद्यापीठाचे संशोधक आल्डर्ट व्ह्राय यांनी चेहऱ्याचा नाद सोडून बुद्धीवरच्या ओझ्याकडे लक्ष वळवले. रचलेली हकीगत सांभाळायची, शिवाय ऐकणाऱ्याला ती पटते की नाही तेही पाहायचे, ही मुळातच कसरत. त्यात ‘आता शेवटापासून आरंभापर्यंत सांगा’ अशी अट घातली तर? 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या प्रयोगात 80 जणांपैकी काही खरे बोलले, काही खोटे. उलट्या क्रमात खोट्याच्या खुणा पुष्कळच अधिक उमटल्या, नि मुलाखतींची चित्रणे पाहणाऱ्या 55 पोलिसांना ते ओळखणेही सोपे गेले. आम्हां गाणे शिकवणाऱ्यांना याचे नवल नाही. मुखड्यापासून घोकलेली बंदिश अंतऱ्याच्या मधूनच उचलायला सांगावी, घोकंपट्टी तिथल्या तिथे उघडी पडते.

पण ज्याला आपले चुकीचे सांगणे मनापासून खरे वाटते, त्याचे काय? एलिझाबेथ लॉफ्टस व जॅकलीन पिक्रेल यांनी 1995 साली 24 जणांपुढे बालपणीचे चार प्रसंग ठेवले. तीन घरच्यांनी सांगितलेले; चौथा, बाजारात हरवल्याचा, साफ बनावट. सहा जणांना तो पूर्ण वा अंशतः आठवू लागला! असा साक्षीदार लबाड नव्हे. मग त्याला पकडायचे कशात? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ‘सेल्वी’ खटल्यात पॉलिग्राफ, नार्को व मेंदूच्या चाचण्या संमतीवाचून करू नयेत असे ठरवले, ते मला योग्यच वाटते.

मागे एका विद्यार्थ्याने बंदिशीतली एक जागा वेगळीच घेतली. ‘गुरुजी, तुम्हीच अशी सांगितलीत,’ म्हणाला. मी रागावलो, मी अशी सांगणे शक्यच नव्हते. रात्री जुनी वही काढली. जागा त्याने घेतली तशीच होती, माझ्याच अक्षरात.