'वज्राघात' की 'कर्मकथा'?

ऐतिहासिक कादंबरी आणि तीही रहस्यकथेसारखी पळणारी, असं म्हटलं की हल्लीची मुलं इंग्रजी पुस्तकांची नावं घेतात. पण आपल्या सीमाभागातल्या जुन्या घरांत अशी एक कादंबरी शंभर वर्षांपासून आहे, आणि ती दोन भाषांत आहे. मराठीत तिचं नाव 'वज्राघात', लेखक हरि नारायण आपटे. कानडीत तिचं रूपांतर 'कन्नडिगर कर्मकथे', लेखक गळगनाथ. गोष्ट एकच, विजयनगरच्या शेवटाची.

गेल्या पावसाळ्यात ही कादंबरी दोन घरांत एकाच वेळी वाचली गेली. एक माझं माहेर, निपाणी. तिथं माझी अव्वा कानडी प्रत घेऊन बसली. दुसरं माझं सासर, राजेगाव. हे गाव आपल्या वाचकांना नकाशात शोधावं लागेल. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, गोंदियाच्या बाजूला, महाराष्ट्राच्या सीमेला अगदी लागून. इथंही सीमाभागच आहे, फक्त भाषा वेगळ्या. घरात मराठी, शाळेत हिंदी, शेजारी पोवारी, बाजारात गोंडीही कानावर येते. कानडी मात्र आमच्या अंगणात एकट्या माझ्याच तोंडी, आणि तीही फोनवर.

मुलीला सुट्टीत निपाणीला नेलं तेव्हा अज्जीच्या कपाटात तिला 'वज्राघात' सापडली, आणि शेजारीच ती कानडी प्रत. दोन्ही पुस्तकं एकच आहेत हे कळल्यावर तिला गंमत वाटली. अव्वा म्हणाली, "तू मराठीतून वाच, मी कानडीतून वाचते. मग फोनवर भांडू." आणि खरोखर तसंच झालं.

आधी गोष्ट थोडी सांगते, शेवट सोडून. रामराजा म्हणजे इतिहासातला अळिय रामराय. अळिय म्हणजे जावई. कृष्णदेवरायाचा जावई म्हणून हे नाव. गादीवर नावाला सदाशिवराय, कारभार सगळा याच्या हातात. कादंबरीत या रामराजाचं तरुणपणी मेहेरजान नावाच्या मुलीवर प्रेम बसतं आणि पुढे राज्याच्या लोभानं तो तिला टाकून देतो. तिचा मुलगा रणमस्तखान मोठा होतो आणि विजापूरच्या बादशहाचा वकील म्हणून विजयनगरात येतो. समोर बसलेला हा तरुण आपला मुलगा आहे, हे रामराजाला ठाऊक नाही. मुलालाही नाही. आईला आहे. आणि वाचकाला आहे. बस्स, इथून पुढे पुस्तक खाली ठेववत नाही.

आपटे हे 'करमणूक' साप्ताहिकाचे संपादक. 1890 साली त्यांनी ते सुरू केलं आणि त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या त्यात क्रमशः येत. पुढच्या आठवड्याच्या अंकाची वाट पाहायला लावायची कला त्यांना पक्की ठाऊक होती. भाषा जुनी, वाक्यं लांब, मधूनच लेखक थांबून वाचकाशी बोलायला लागतो. माझ्या मुलीला पहिली काही पानं जड गेली. पण आमच्याकडे रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचायचा प्रघात पडला आणि ऐकताना ती भाषा आपोआप सोपी झाली. ज्यांना हे पुस्तक अवघड वाटतं त्यांनी हा उपाय जरूर करून पाहावा. ते मनात वाचण्यापेक्षा कानानं ऐकावं असं आहे.

आता मतं. आमचे भासरे निवृत्त शिक्षक. त्यांना कादंबरी आवडली पण पटली नाही. "एका बाईच्या शापानं कुठं राज्य बुडतं का? तोफा कुणाच्या, घोडदळ किती, ते बघा ना," हे त्यांचं पालुपद. माझे मामा विजापूरकडचे. फोनवर त्यांना हे सांगितलं तर ते दुसऱ्याच मुद्द्यावर चिडले. त्यांचं म्हणणं, लोक कादंबरी वाचतात आणि तीच बखर समजून बसतात. लहानपणी त्यांच्या आळीतल्या कितीतरी मोठ्या माणसांना रणमस्तखान खरा वाटायचा!

म्हणून मग मी जरा इतिहासाकडे वळले. 1565 च्या जानेवारीत कृष्णेच्या काठी लढाई झाली. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर असे चार सुलतान एका बाजूला. मराठीत आपण तिला राक्षसतागडीची लढाई म्हणतो आणि वाटतं, काहीतरी राक्षसी प्रकार असणार. कानडी येणाऱ्याला लगेच कळतं की रक्कसगी आणि तंगडगी ही मुद्देबिहाळकडची दोन साधी गावं आहेत. भाषा बदलताना गावाचा राक्षस झाला, एवढंच.

म्हाताऱ्या रामरायाला रणात पकडलं आणि हुसेन निजामशहाच्या हुकुमावरून त्याचं डोकं उडवलं, हे फेरिश्ता या इतिहासकारानं लिहिलं आहे. त्याच फेरिश्तानं लिहिलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विजापूरचा अली आदिलशहा तरुण असताना रामरायाचा एक मुलगा वारला. अली स्वतः विजयनगरला समाचाराला गेला, आणि रामरायाच्या बायकोनं त्याला मुलगा मानलं. हाच मानलेला मुलगा पुढे चार सुलतानांच्या फौजेत उभा राहिला. तरुणपणी रामराय गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या चाकरीत होता, हेही इतिहासात आहे. म्हणजे आपट्यांनी हवेतून काही आणलेलं नाही. मानलेल्या मुलाचा त्यांनी पोटचा मुलगा केला, असं मला वाटतं. कादंबरीकाराला तेवढी मुभा असावी.

फितुरीचं तसंच. सीझर फेडरिची नावाचा व्हेनिसचा व्यापारी 1567 मध्ये विजयनगरात येऊन सात महिने राहिला. लढाई होऊन दोनच वर्षं झाली होती. दोन मुसलमान सरदार ऐन लढाईत फिरले म्हणून विजयनगर हरलं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

आणि लढाईआधी काय घडलं म्हणाल, तर लग्नं! अहमदनगर आणि विजापूर यांचं हाडवैर. ते मिटावं म्हणून हुसेन निजामशहानं आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण दिला. ती मुलगी म्हणजे पुढची प्रसिद्ध चांदबिबी. उलट अलीची बहीण निजामशहाच्या घरात सून म्हणून गेली. सोयरिकी जुळल्या आणि मग फौजा जुळल्या. हे वाचून आमच्या भासऱ्यांचा सूर जरा नरम आला. राज्याच्या घडामोडींत बायका नसतातच असं त्यांना वाटत होतं; इथं तर एक अख्खा किल्ला हुंड्यात गेलेला!

शेजारच्या पोवार काकू रोज वाचन ऐकायला यायच्या. त्यांना ना विजयनगर माहीत, ना विजापूर. त्यांनी लढाईचं साल ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या राणी दुर्गावतीच्या वेळचंच की!" मी पडताळून पाहिलं. गढा-मंडल्याची गोंड राणी दुर्गावती अकबराच्या सरदाराशी, असफखानाशी लढताना 24 जून 1564 रोजी गेली. विजयनगर पडलं ते पुढच्या जानेवारीत. मध्ये फक्त सात महिने. आज इथं उभं राहून पाहिलं की वर नर्मदेकाठी एक राज्य पडताना दिसतं आणि खाली कृष्णेकाठी दुसरं. निपाणीत बसून मला ही जोडी कधीच सुचली नसती.

पण खरं भांडण पेटलं ते नावावरून. अव्वा म्हणाली, "तुमच्या मराठीवाल्यांनी नाव चुकीचं ठेवलंय." वज्राघात म्हणजे आभाळातून वीज पडली. त्यात विजयनगरचा काय दोष? कर्मकथा म्हणजे आपल्याच कर्माची कहाणी. गळगनाथांनी नाव बदलून सगळा दोष बाहेरून आत आणला. आपल्या माणसांनी पेरलं तेच उगवलं, असं नावातच सांगितलं.

गळगनाथ म्हणजे वेंकटेश तिरको कुलकर्णी, हावेरीकडच्या गळगनाथ गावचे (1869-1942). त्या काळी धारवाड-बेळगावकडची शिकलेली कानडी माणसं मराठी पुस्तकं सर्रास वाचत. कानडी माणसानं कानडीत वाचावं या ध्यासानं गळगनाथांनी आयुष्य घालवलं. पुस्तकांचं ओझं डोक्यावर घेऊन गावोगाव पायी हिंडून ते विकत, ही आठवण तिकडे अजून सांगतात. आपट्यांच्या कितीतरी गोष्टी त्यांनी कानडीत नेल्या. मराठी वाचनाची सवय मोडण्यासाठी मराठीतलीच कादंबरी वापरली, ही गोष्ट मला फार आवडते. तेव्हा 'कन्नडिगर' हा शब्द त्यांनी उगाच घातलेला नाही. वाचकाला हलवून जागं करायला घातला आहे.

हे सगळं फोनवर ऐकून माझ्या मुलीनं विचारलं, "अज्जी, मग आपण कोण? हरलेले की जिंकलेले?"

अव्वा क्षणभर गप्प. मग म्हणाली, "हरलेले. दुसरं काय?"

मला ते पटलं नाही, आणि आमचं इथं अजून एकमत झालेलं नाही. बघा ना, 1565 साली निपाणी, बेळगाव, गोकाक, सगळा मुलूख आदिलशाहीतच होता. बेळगावचा किल्ला महमूद गवाननं बहामनी सुलतानासाठी घेतला त्याला तेव्हा नव्वद वर्षं होऊन गेली होती. विजापूरच्या गावांत नांगर धरणारी माणसं कानडी होती आणि मराठी होती. वसुलीचे हिशेब ब्राह्मण कारकून फारसीऐवजी देशी भाषेत ठेवत, तेही लढाईच्या आधीपासून. म्हणजे माझ्या आईचे पूर्वज कानडी असले तरी राहत होते जिंकणाऱ्याच्या राज्यात. त्यांच्या गावची माणसं कुणाच्या फौजेत चाकरीला असतील? कर्मकथा कन्नडिगांची खरी, पण ती कृष्णेच्या दोन्ही तीरांवरच्या कन्नडिगांची. गळगनाथांचं नाव मला 'वज्राघात'पेक्षा सरस वाटतं, पण अव्वाला वाटतं त्या कारणासाठी नाही.

यावर मामा म्हणाले, गिरीश कार्नाडांचं नाटक वाचा. 'राक्षस-तंगडी' हे त्यांचं शेवटच्या काळातलं कानडी नाटक, 2018 चं. त्यात गुपित मुलगा नाही, मेहेरजान नाही. आहे तो रामरायाचा अहंकार, आपण चालुक्यांचे वारस म्हणून कल्याण आपल्याला हवंच हा हट्ट. मामांना हेच खरं वाटतं. मला विचाराल तर नाटक डोक्याला पटतं, आणि तरीही रात्री झोप उडवते ती आपट्यांची मेहेरजान. तिच्याजवळ असं एक वाक्य आहे की ते बोलली तर लढाई थांबेल, आणि पानामागून पान जातं तरी ती ते बोलत नाही.

माझ्या मुलीची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. "ती सरळ दरबारात जाऊन का सांगत नाही? चारशे पानं लेखकानं तिला गप्प ठेवलीय, कारण ती बोलली तर कादंबरी संपेल!" टीका रास्त आहे. रहस्यकथेत असं गप्प ठेवलेलं माणूस असावंच लागतं, आणि आपट्यांनी ते काम एका टाकलेल्या बाईवर सोपवलं. पोवार काकूंचं मत निराळं. त्या म्हणाल्या, "टाकलेल्या बाईचं दरबारात ऐकलं असतं कुणी?" त्या दिवशी पुढचं वाचन झालंच नाही. बायका बायका त्यावरच बोलत बसलो, आणि ते बोलणं विजयनगरचं राहिलं नाही.

मेहेरजानच्या गप्प बसण्याचे प्रसंग कानडीत गळगनाथांनी तसेच ठेवलेत की बदललेत, हे मुलीला जाणून घ्यायचं होतं. तिनं अज्जीला विचारलं. अव्वानं सांगितलं नाही. "नीनऽ ओदु," म्हणाली. तूच वाच.

तिला कानडी बोललेलं थोडं कळतं, अक्षर एक येत नाही. आता निपाणीहून अंकलिपी आली आहे. बाराखडी झाली, जोडाक्षरं अडली आहेत. कानडीत जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली लटकतं, ते तिला विचित्र वाटतं. 'कन्नडिगर' लिहिताना तो दुहेरी न तीनदा चुकला. अव्वा फोनवर रोज विचारते, "किती झालं?" आणि मुलगी रोज थोडं वाढवून सांगते.

आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर या दोन्ही प्रती असतील तर एकदा शेजारी शेजारी उघडून पाहा. अव्वाची कानडी प्रत वाळवीनं खाल्ली आहे, मधली सोळा पानं नाहीत. मुलगी तिथवर पोहोचायच्या आत ती कुठून तरी मिळवायला हवीत.