स्वस्तातली दुर्बीण घेताना

जव्हारच्या एका वाचकबंधूंची आमच्याकडे विचारणा आली आहे. चष्म्याचे छोटे दुकान आहे, हाताशी थोडी बचत आहे. तिपाईवर बसवायची लांब पल्ल्याची एकनळी दुर्बीण, जिला बाजारात स्पॉटिंग स्कोप म्हणतात, ती घ्यावी का आणि कोणती घ्यावी, असे ते विचारतात. सुट्टीच्या दिवसांत ती सनसेट पॉइंटवर लावायची आणि एरवी मुलाला रायफल नेमबाजीच्या सरावासाठी द्यायची, असा त्यांचा बेत आहे. शेवटी भीत भीत आणखी एक ओळ आहे: मोखाड्याकडची काही गिऱ्हाइके शिकारीसाठी अशी दुर्बीण मागतात, तर दोन जादा आणून ठेवाव्यात काय?

या शेवटच्या ओळीचे उत्तर आधी देतो. ठेवू नयेत. संस्थानी काळात या डोंगरांत शिकार होत असे, पण ते दिवस संपले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार पुरती बंद केली आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरालाही वनखात्याच्या लेखी आदेशावाचून हात लावता येत नाही. दुर्बीण विकणे हा गुन्हा नव्हे, हे खरे. पण गिऱ्हाईक दुकानात उभे राहून शिकारीचे नाव काढते आणि आपण माल बांधून देतो, तेव्हा उद्या पंचनाम्यात आपल्या बिलाचा कागद निघाला तर काय सांगणार? चार पैशांच्या नफ्यासाठी ही कटकट घेऊ नये.

आता मूळ प्रश्न. दुर्बिणीच्या अंगावर १५-४५×६० किंवा २०-६०×८० असे आकडे असतात. पहिले दोन आकडे म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल ते, आणि शेवटचा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आपले बहुतेक लोक फसतात ते पहिल्या आकड्यांवर. ‘शंभर पट दाखवते’ असे म्हणून दुकानदार माल गळ्यात मारतो. आमच्या एका परिचितांनी अशीच एक रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतली. घरी आणून समोरच्या टेकडीवर लावली, तर शंभर पट धुके तेवढे दिसले.

याचा हिशेब साधा आहे. भिंगाच्या व्यासाला पटीने भागा. ६० च्या भिंगाला २० पट लावली की डोळ्यात ३ मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत येतो. दिवसा डोळ्याच्या बाहुलीचे तोंडही साधारण २ ते ३ मिलिमीटरच उघडे असते, म्हणून चित्र उजळ दिसते. त्याच भिंगाला ६० पट लावली की झोत १ मिलिमीटर उरतो. चित्र काळवंडते, आणि तिपाईला वाऱ्याचा जरासा धक्का लागला तरी सगळा डोंगर नाचतो. शिवाय दुपारी तापलेल्या खडकावरून हवा थरथरत वर चढते. तिच्यापुढे महागातली दुर्बीणही हात टेकते. तेव्हा कमी पैशात घ्यायची तर २० ते ३० पटीत स्वच्छ दाखवणारी घ्यावी. त्यापुढची पट फुकट मिळाली असे समजावे.

नेमबाजीलाही एवढी पुरते. ५० मीटरवर पॉइंट टू टू रायफलच्या गोळीचे भोक साडेपाच मिलिमीटरच्या आसपास असते. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही, २० पटीत स्पष्ट दिसते. १० मीटरच्या एअर रायफलला स्कोपची फारशी गरजच नाही. तो पैसा छर्‍यांवर आणि चांगल्या जॅकेटवर घालावा. मोठ्या रेंजवर आता निशाणे इलेक्ट्रॉनिक झाली आहेत, गुण समोरच्या पडद्यावर येतात. कागदी निशाणावर सराव करणाऱ्याला मात्र स्कोप लागतोच. २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे पुण्याच्या बालेवाडीला घडला. तेव्हा आपल्या मुलाला खेडेगावचा म्हणून कमी लेखू नये.

सनसेट पॉइंटच्या बेताबद्दल आम्हाला उमेद वाटते. हवा स्वच्छ असली की तिथून डहाणूकडचा महालक्ष्मीचा डोंगर दिसतो, आणि महाबळेश्वरच्या पॉइंटांवर दुर्बीणवाल्यांचा धंदा कसा चालतो हे आपण पाहिलेच आहे. जागा नगरपरिषदेची की वनखात्याची हे विचारून आधी लेखी परवानगी घ्यावी. डोळा लावायचे टोक ४५ अंशांत वळलेले असेल अशी दुर्बीण घ्यावी. तिपाई बेताच्या उंचीवर ठेवली की मोठा माणूस वाकून पाहतो आणि पोरही टाचा उंचावून पाहते. चष्मेवाल्या गिऱ्हाइकाला डोळा टोकापासून १५ मिलिमीटर तरी लांब ठेवून पूर्ण चित्र दिसले पाहिजे.

पण इथेच मोठा धोका आहे. सनसेट पॉइंटवर आलेला प्रत्येक जण म्हणणार, सूर्य दाखवा. दाखवू नका. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळ्याचा पडदा कायमचा जळू शकतो, आणि त्या वेळी दुखतही नाही. सूर्य लाल झाला म्हणजे निर्धोक झाला, ही समजूत चुकीची आहे. सूर्यासाठीचा खास फिल्टर पुढच्या भिंगावर बसवला तरच गोष्ट वेगळी. डोळ्याच्या टोकाला लावायची काळी काच उष्णतेने तडकते. ईदचा चाँद पाहण्यासाठी दुर्बीण काढाल तेव्हाही सूर्य पुरता बुडेपर्यंत ती पश्चिमेकडे वळवू नये.

खरेदी मुंबईत करायची तर फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत हिंडावे, पण दुर्बीण दुकानाच्या आत पाहून घेऊ नये. दारात आणावी, लांबची पाटी वाचावी. अक्षरांच्या कडेला जांभळी झालर दिसली, किंवा मधले अक्षर स्पष्ट करताना स्क्रू पुढेमागे करूनही मन भरेना, तर परत द्यावी. लोलक ‘बॅक-४’ काचेचा आणि सर्व भिंगांवर अनेक थरांचा लेप असलेला बरा. आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी असेल तर जव्हारच्या पावसात ती टिकेल. जीएसटीचे पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद मागावाच. ठरवलेल्या रकमेतला चौथा हिस्सा तिपाईसाठी बाजूला काढावा, कारण लटपटत्या तिपाईवर चांगली दुर्बीणही वाया जाते.

पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ती कधी ठेवू नये. चामडे ओल धरते आणि भिंगावर बुरशीचे जाळे चढते, जे मग घरी निघत नाही. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऊन पडेल त्या दिवशी पुड्या काढून वाळवाव्यात. चष्म्याच्या दुकानदाराला भिंग कसे पुसावे हे आम्ही काय सांगणार?