सोसणं, संप्रेरकं आणि 'कारण' हा शब्द

मागच्या व्याख्यानात आपण 'कारण' या शब्दाचा विचार केला. आज तोच शब्द स्तनाच्या कर्करोगाला लावून पाहू. आपल्या धाराशिवकडे निदान झालेली एखादी बाई म्हणते, "लहानपणापासून सोसलं, तेच आता बाहेर पडलं." हे कितपत खरं मानायचं?

आधी शरीर पाहू. संकट आलं की मेंदूकडून निरोप जातो आणि मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. रक्तातली साखर वाढते, अंगात बळ येतं. एरवीही कॉर्टिसॉलला रोजची लय असते: सकाळी उठल्यावर जास्त, मग उतरत उतरत रात्री अगदी कमी.

आता बालपण. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे सास्तूर परिसरात ज्या चिमुरड्यांची घरं कोसळली, त्या आज चाळिशीत आहेत. पण भूकंप एका रात्रीचा. मारझोड, उपासमार, हेळसांड रोजची. अशा घरात शरीर सतत सावध राहायला शिकतं. पुढे ही यंत्रणा कुणात पटकन भडकते, कुणात मंदावते. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील काही अभ्यासांत, बालपणी जास्त सोसलेल्यांमध्ये कॉर्टिसॉलचा दिवसभराचा उतार सपाट झालेला दिसला. २००० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रोग पसरलेल्या १०४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असा सपाट उतार असलेल्या लवकर दगावल्या.

इथे आपण थांबायला हवं. दोन गोष्टी सोबत आढळणं वेगळं आणि एकीने दुसरी घडवणं वेगळं. मोडलेली झोप, वेदना, खुद्द आजार यांनीही ही लय बिघडते. म्हणजे बालपणाचा ठसा शरीरावर राहतो, हे खरं. पण त्या सोसण्यानेच गाठ झाली, असं यातून निघत नाही. आणि 'माझ्याच नशिबाचं फळ' असं तर मुळीच नाही.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. नशीब म्हटलं की बाई घरी बसते, गाठ वाढते. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत १९८७पासून आपले भूम-परांडाही आहेत. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन बोलू लागले, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. स्तनातल्या गाठीलाही हाच न्याय लावू: ती दुखत नसली तरी लगेच दाखवायची.

आणि उपचार सुरू झाले की तिला एवढं तरी विचारू: "झोप लागते का? मनात काय साचलंय?" बालपण आपल्याला बदलता येत नाही. तिची आजची रात्र थोडी निवांत करणं मात्र आपल्या हातात आहे.