तोडलेल्या झाडाचे पुढे काय होते?

लातूर जिल्ह्यास अरण्य असे जवळजवळ नाहीच. जिल्ह्याच्या भूमीचा शेकडा एक भागही वनाच्छादित नाही, आणि आमचा निलंगा तालुका तर तूर, सोयाबीन व ज्वारीचा. मुलांस दंडकारण्याचे वर्णन शिकविताना खिडकीबाहेर बोट दाखवावे असे आम्हांजवळ काही होते, तर ते सडकेच्या दुतर्फा उभे असलेले निंब, चिंचा व वड हेच. हीच आमची वनराजी. अलीकडच्या वर्षांत रस्ते रुंद करण्याच्या कामी ती तुटत चालली आहे. तुळजापुरापासून लातूर, नांदेड, यवतमाळ व वर्धा यांवरून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ रुंदावला. त्याच्या धाकट्या भावंडांचेही तेच चालू आहे. रस्ते नकोत असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. अडलेल्या बाळंतिणीस रात्री लातुरास नेण्याचा प्रसंग ज्या घरावर आला असेल, ते घर चांगल्या सडकेस विरोध करणार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. झाड पडले, मग पुढे काय?

जो कोणी घटकाभर रस्त्याच्या कडेस थांबेल त्यास ते दिसेल. यांत्रिक करवतीने साठ-सत्तर वर्षांचा निंब अर्ध्या तासात आडवा होतो. बुंधा व जाड फांद्या मालमोटारीत चढतात. उरलेला पसारा, म्हणजे डहाळ्या, पाला, साल व ढलप्या, यंत्राने एका बाजूस लोटून पेटवून देतात, अथवा भरावाखाली गाडतात. बुडखा व मुळ्या यांची तर गणतीच नाही. वस्तुतः झाडाचा जमिनीवरील भाग जितका भरतो, त्याच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतके वजन जमिनीखाली मुळ्यांत असते. मध्यंतरी एखाद-दोन दिवस जवळच्या वस्तीतील बायाबापड्या डोक्यावर सरपणाचे भारे नेतात, तेवढाच काय तो सदुपयोग. त्यांसही मुकादम हाकलून लावतो असे आम्ही पाहिले आहे. पेटवून द्यावयाचे ते देऊ नये, हा न्याय आम्हांस उमगला नाही.

खऱ्या वनात इतकी बेपर्वाई सहसा चालत नाही. १९८० च्या वनसंरक्षण कायद्याने वनभूमी अन्य कामी लावण्यापूर्वी केंद्र सरकारची संमती घ्यावी लागते, आणि तोड वनखात्याच्या देखरेखीखाली होते. तेथील इमारती लाकडाची मोजणी होते, ओंडक्यांवर क्रमांक पडतात व ते आगारात जाऊन लिलावास निघतात. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली चंद्रपूर जिल्ह्यातून जे सागवान गेले, ते बल्लारपूरच्या अशाच आगारातून. सडकेवरच्या निंबास हे भाग्य नाही. त्याचे मोल बहुधा उभ्या झाडाकडे पाहून अंदाजाने ठरते, आणि मोठ्या फांद्यांपलीकडचे सारे हिशेबाबाहेर राहते.

आमच्या पूर्वजांनी या बाबतीत अधिक विचार केला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुप्याध्यक्ष नामक अधिकाऱ्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. कुप्य म्हणजे वनातील उत्पन्न. त्याचे तेथे कठीण लाकूड, वेळू, वेली, वाख असे वर्ग पाडले आहेत. पाने, फुले, कंदमुळे यांचीही निराळी मोजदाद आहे. वन तोडणाऱ्याकडून मोल घ्यावे व दंडही करावा, मात्र आपत्काली सूट असावी, असा नियम आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. आरमारास लाकूड हवे होते, आणि राज्यास त्या काळी आरमाराहून निकडीचे ते काय असणार? तरीही आंबा-फणसास हात लावू नये, रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, आणि अगदीच जीर्ण झाड घ्यावयाचे तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, अशी त्यात ताकीद आहे.

आता कोणी म्हणेल की लाकूड जाळून वीज करता येते, मग वाया कसे जाते? गोष्ट खरी आहे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांनी कोळशात शेकडा पाच जैव इंधन मिसळावे असे केंद्राच्या वीज मंत्रालयाने २०२१ साली ठरविले. परंतु ते धोरण मुख्यतः पिकांच्या अवशेषांपासून केलेल्या कांड्यांसाठी आहे, व ते तसेच असावे. तुराट्या आमच्या तालुक्यात दरवर्षी निघतात, व पुढील वर्षी पुन्हा निघतात. निंब पुन्हा उभा राहण्यास दोन पिढ्या लागतात. शिवाय ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ते तसेच भट्टीत घातले तर बरीचशी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. कोरड्या लाकडाचा निम्मा भाग कार्बन असतो. एक किलो जळाले की सुमारे पावणेदोन किलो कर्बवायू हवेत जातो. तेच लाकूड दाराची फळी झाले तर तो कार्बन नातवंडांच्या काळापर्यंत घरातच राहील. म्हणून पहिला मान सुताराचा. बाभळीचे तुंबे व आरे, निंबाच्या फळ्या ज्यांस वाळवी सहसा लागत नाही, चिंचेचा चिवट ओंडका, यांस आजही गिऱ्हाईक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीच्या परिसरातील कित्येक माळवदांच्या दगडमातीच्या भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभाच होता. हे पाहिलेल्या मुलखास लाकडाची किंमत निराळी सांगावयास नको. सुताराने टाकलेले सरपणास, त्याहून बारीक व पाला खतास. आणि थोडे लाकूड ओढ्याकाठी कुजू द्यावे. किडे, अळंबी व सुतार पक्षी यांचा त्यावर हक्क आहे.

मात्र एक भय आम्हांस वाटते, आणि ते लहान नाही. लाकडास चांगला भाव आला, की जेथे दहा झाडे जावयाची तेथे पंधरा जातील. यासाठी कोणती झाडे तोडावयाची हे ठरविणारा, व लाकूड विकत घेणारा, हे दोघे एक असता कामा नयेत. आणि तोडीची यादी झाडाच्या जातीसह, बुंध्याच्या घेरासह, आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. हल्ली झाडावर नुसता चुन्याचा आकडा दिसतो. तो आकडा कोणत्या वहीत आहे, हे गावात विचारले तर कोणास सांगता येत नाही.

आमच्या आळीतील एका वृद्ध सुताराचे म्हणणे असे, की निंबाचा ओंडका चिरून फळ्या एक पावसाळा व एक उन्हाळा सावलीत, मधे काड्या घालून, रचून ठेवाव्यात; एरव्ही त्या पिळतात. तशी छपराची जागा पहिली कुऱ्हाड पडण्यापूर्वीच गावाने योजून ठेवावयास हवी.